कोशर कुठे मिळेल हो?

दुपारचा एक वाजला आहे. मुंबईत फोर्टातल्या एका शाकाहारी हॉटेलात पाय ठेवायला जागा नाही. कोपऱ्यातल्या टेबलाशी एक आजी आणि त्यांचा बावीस वर्षांचा नातू बसले आहेत, असं चित्र क्षणभर डोळ्यांसमोर आणा. आजी साधी सुती साडी नेसल्या आहेत. बोलतात ती अस्सल रोह्याकडची मराठी. नातवाच्या डोक्यावर मात्र छोटीशी गोल टोपी आहे, ज्यू पुरुष घालतात तशी. आजी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. लग्नानंतर १९६० च्या सुमारास त्या नवऱ्याबरोबर इस्रायलला गेल्या, त्या तिकडच्याच झाल्या. नातू तिथंच जन्मला, तिथंच वाढला. आजीचा देश बघायला तो पहिल्यांदाच आला आहे.

वेटर पाण्याचे ग्लास आपटून उभा राहतो.

‘‘काय आणू, आजी?’’

‘‘बाळा, इथं अंडं-मटण काही नसतं ना?’’

‘‘प्युअर व्हेज, आजी! बाहेर पाटी आहे ना एवढी मोठी.’’

आजींचं समाधान होतं. नातवाचं होत नाही. तो आजींच्या कानाशी काहीतरी पुटपुटतो. आजी संकोचून वेटरला म्हणतात, ‘‘हा विचारतोय, कोशर आहे का?’’

वेटर क्षणभर विचार करतो आणि गंभीर चेहऱ्यानं सांगतो, ‘‘कोशर संपलं, आजी. पनीर कोफ्ता आहे, देऊ?’’

वेटरला हसू नये. आपल्यापैकी किती जणांना कोशर म्हणजे काय ते सांगता येईल? मुंबईत खायला काय मिळत नाही? वडापावपासून चिनी नूडल्सपर्यंत सगळं मिळतं. जैन पावभाजी मिळते, उपासाचा डोसासुद्धा मिळतो. पण ‘कोशर’ अशी पाटी शोधत या शहरात फिरू लागलं, तर पायांचे तुकडे पडतील. आणि तरीही या शहरात दोनशेहून अधिक वर्षं माणसं कोशर जेवत आली आहेत. मग ते मिळतं कुठे?

कोशर म्हणजे काय?

कोशर हा पदार्थ नाही, तो नियम आहे. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘योग्य’. जे खाणं ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे योग्य, ते कोशर.

नियम मोजके आहेत, पण पक्के आहेत. जमिनीवरच्या जनावरांपैकी ज्याचे खूर दुभंगलेले आहेत आणि जे रवंथ करतं, तेवढंच चालतं. म्हणजे बकरा चालतो, डुक्कर चालत नाही. डुकराचे खूर दुभंगलेले असतात, पण ते रवंथ करत नाही. कोंबडी चालते. पाण्यातल्या प्राण्यांपैकी ज्याला पर आणि खवले दोन्ही आहेत, तोच मासा चालतो. म्हणजे सुरमई, रावस, बांगडा यांना परवानगी. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या आणि शेवंड यांना मनाई.

रक्त पूर्ण वर्ज्य. जनावर कापायचं ते जाणकार माणसानं, धारदार सुरीनं, एका झटक्यात. या माणसाला ‘शोहेत’ म्हणतात. सुरीच्या धारेला केसाइतकाही दाता पडलेला चालत नाही, म्हणून तो आधी धारेवरून नख फिरवून बघतो. त्यानंतर मांस अर्धा तास पाण्यात ठेवायचं, तासभर मिठात ठेवायचं आणि मग स्वच्छ धुवायचं, म्हणजे उरलंसुरलं रक्त निघून जातं. अंडं फोडायचं तेसुद्धा आधी वेगळ्या वाटीत. त्यात रक्ताचा ठिपका दिसला तर ते टाकून द्यायचं.

सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे दूध आणि मांस एकत्र आणायचं नाही. एका पातेल्यात नाही, एका ताटात नाही, एका जेवणात नाही. दोन्हींची भांडीसुद्धा वेगळी. मटण खाल्लं तर त्यानंतर काही तास दूध, दही, तूप, लोणी बंद. बरेच लोक सहा तास थांबतात. जे दुधातही मोडत नाही आणि मांसातही नाही, त्याला ‘पारेव्ह’ म्हणतात. धान्य, भाज्या, फळं, अंडी, तेल आणि नारळ हे सगळं पारेव्ह. ते कशाहीबरोबर चालतं.

यातला ‘नारळ’ हा शब्द लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

शुद्ध शाकाहारी म्हणजे कोशर नव्हे

आता त्या हॉटेलातल्या टेबलाकडे परत येऊ. जिथं मांस शिजतच नाही, तिथं दूध-मांस एकत्र येण्याचा प्रश्नच नाही. मग नातू का अडला?

शाकाहारी स्वयंपाकातही काही अडचणीच्या जागा असतात. पहिली चीजची. चीज करताना दूध गोठवायला जे रेनेट वापरतात, ते पूर्वापार वासराच्या पोटातून काढत. भारतात हिरव्या ठिपक्याच्या चीजमध्ये ते वापरता येत नाही, तरीही कडक नियम पाळणारे ज्यू देखरेखीशिवाय बनवलेलं चीज खात नाहीत. पनीरचं तसं नाही, ते लिंबानं किंवा आंबट पाण्यानं फाडतात. दुसरी जागा पालेभाज्यांची. कीड-अळी खाणं निषिद्ध, म्हणून पालक, कोबी, फ्लॉवर नीट निवडून, बघून घ्यावे लागतात. तिसरी द्राक्षांची. वाइन आणि द्राक्षाचा रस ज्यूंच्या हातून झालेला लागतो. द्राक्षापासून केलेलं व्हिनेगरही त्यातच आलं. चौथी चुलीची. काटेकोर माणसं म्हणतात की शिजवण्यात ज्यू माणसाचा हात लागला पाहिजे, निदान शेगडी तरी त्यानं पेटवलेली असावी.

पाकिटावरचा हिरवा ठिपका भारतात सक्तीचा आहे. तो एवढंच सांगतो की यात मांस, मासे, अंडी नाहीत. कोशर आहे, असं तो सांगत नाही. आणि गंमत अशी की अंड्याचा केक आपल्या हिशेबात शाकाहारी नाही, पण कोशर असू शकतो.

सगळे ज्यू सगळे नियम सारख्याच काटेकोरपणे पाळतात असंही नाही. कुणी शाकाहारी हॉटेलात बिनधास्त जेवतं. कुणी फक्त चहा घेतं, तोही काचेच्या ग्लासात. कुणी धर्मगुरूची देखरेख असल्याशिवाय पाण्यापलीकडे काही घेत नाही. आपल्याकडे नाही का, एका घरात कांदा-लसूण बारा महिने चालतो, शेजारच्या घरात फक्त चातुर्मासात बंद, आणि तिसऱ्या घरात कधीच नाही! म्हणून ‘कोशर कुठे मिळेल?’ याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा. ‘तुम्ही किती पाळता?’

आजींनी त्या दिवशी इडली मागवली आणि चवीनं खाल्ली. नातवानं बाहेरच्या गाडीवरून केळी घेतली आणि एक शहाळं प्यायला.

मग मुंबईत जेवायचं कुठं?

नातवाची मुंबईतली पहिली दोन जेवणं कुलाब्याला झाली होती. तिथल्या नरिमन हाऊसमध्ये खबाद या ज्यू धार्मिक संस्थेचं केंद्र आहे. गॅव्हरिएल आणि रिव्हका होल्त्झबर्ग हे तरुण जोडपं २००३ मध्ये मुंबईत आलं आणि वाटेवरच्या ज्यू प्रवाशांसाठी त्यांनी घर उघडं ठेवलं. प्रार्थना तर असेच, पण आलेल्याला मुख्य आधार होता तो कोशर जेवणाचा. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात दोघांचा बळी गेला. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा मोशे याला त्याची आया सँड्रा सॅम्युएल हिनं छातीशी धरून बाहेर आणलं. २०१४ मध्ये ते केंद्र पुन्हा सुरू झालं. ज्यांच्या घरी पाहुण्यांसाठी पान वाढलेलं असायचं, ते गेले. पण पान पुन्हा वाढलं गेलं.

अशा ठिकाणी मात्र हॉटेलात शिरावं तसं शिरून चालत नाही. आधी फोन करून, ओळख सांगून, जेवणाचं कळवून जावं लागतं.

दुसरा मार्ग सिनेगॉगचा. फोर्टात काळ्या घोड्याजवळचं १८८४ सालचं केनेसेथ एलियाहू, भायखळ्याचं मागेन डेव्हिड, जेकब सर्कलजवळचं तिफेरेथ इस्रायल ही तिन्ही मुंबईकरांना बाहेरून तरी माहीत असतात. परगावच्या ज्यू माणसानं तिथं चौकशी केली, तर सणावाराचं जेवण, ओळखीचं घर, कोंबडी कापून देणारा जाणकार यांचा पत्ता लागतो. मुंबईतलं कोशर असं पाट्यांवर नाही, माणसांच्या ओळखीवर चालतं.

गोडाचं काय?

तरुण पोरगं. फोर्टापासून बोरीबंदरापर्यंत चालताना मिठाईच्या काचेआड बर्फी, पेढे, जिलब्या बघून त्याची पावलं रेंगाळणारच.

‘‘आजी, हे चालेल?’’ तो आपल्या मोडक्या मराठीत विचारतो.

मिठाई बहुतेक दुधातुपाची. म्हणजे मांसाच्या जेवणानंतर ती बाद. नुसतं गोड खायचं म्हटलं तरी प्रश्न संपत नाहीत. चांदीचा वर्ख पूर्वी जनावराच्या आतड्याच्या पापुद्र्यांत ठेवून कुटत असत. २०१६ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं नियम करून वर्खासाठी प्राणिजन्य वस्तू वापरायला बंदी घातली, पण चोखंदळ गिऱ्हाईक अजूनही बिनवर्खाची बर्फी मागतं. फालुद्यातली, केकवरची थरथरणारी जेली कशाची? जिलेटिनची असेल तर ते जनावराच्या हाडाकातड्यापासून होतं. चायना ग्रासची असेल तर ती समुद्रातल्या शेवाळाची, म्हणजे निर्धोक. आइस्क्रीम, बिस्किटं, केक यांत घट्टपणासाठी, रंगासाठी काय घातलंय ते पाकिटावर वाचावं लागतं.

‘‘इथं ज्यू माणसाची बेकरी नाही का?’’ नातू विचारतो.

अशी प्रसिद्ध बेकरी आहे, पण ती कोलकात्याला. तिथल्या न्यू मार्केटमधलं ‘नाहूम अँड सन्स’ हे दुकान एका बगदादी ज्यू कुटुंबानं १९०२ मध्ये सुरू केलं. नाताळात तिथल्या फळांच्या केकसाठी हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा सगळ्यांची रांग लागते. पण ज्यू माणसाचं दुकान म्हणून ते आपोआप कोशर ठरत नाही. ब्राह्मणाचं हॉटेल असलं म्हणून तिथं सोवळ्यातला स्वयंपाक असतो थोडाच! काटेकोर माणूस तिथंही विचारूनच खाणार.

परदेशी जाणाऱ्या आपल्या शाकाहारी वाचकांना मात्र कोशरच्या खुणा ओळखता आल्या तर फायदाच आहे. अमेरिकेत पुष्कळ पाकिटांवर वर्तुळात इंग्रजी ‘यू’ अक्षर असतं. ती एका मोठ्या कोशर संस्थेची खूण. तिच्या शेजारी ‘डी’ असेल तर पदार्थ दुधाचा, म्हणजे त्यात मांस नाही. ‘पारेव्ह’ लिहिलं असेल तर दूधही नाही, मांसही नाही. नुसतं ‘पी’ असेल तर त्याचा अर्थ पारेव्ह नव्हे. ते पेसाह या सणासाठी योग्य, असा त्याचा अर्थ. पण सावध! अंडी आणि मासे कोशरमध्ये मांस धरत नाहीत, तेव्हा घटकांची यादी तरीही वाचा.

बोरीबंदरापर्यंत नातवाच्या हाती पडली ती शेंगदाण्याची चिक्की. गूळ आणि दाणे, तूप नाही, हे दुकानदाराला दोनदा विचारून. तीही त्यानं खाल्ली नाही, खिशात ठेवली.

मासळीची परीक्षा

दुपारची ठाणे लोकल. आजी खिडकीशी. पहिलंच स्टेशन मस्जिद. ‘‘बघ,’’ आजी म्हणतात, ‘‘इथं आपली सगळ्यात जुनी मशीद आहे.’’ बेने इस्रायली लोक आपल्या सिनेगॉगला मशीदच म्हणत आले. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलेलं ‘शाआर हारहमीम’ म्हणजे दयेचं दार, ते इथल्या सॅम्युएल स्ट्रीटवर. स्टेशनला मस्जिद हे नाव त्यावरूनच पडलं, असं समाजातले लोक सांगतात.

नातू ऐकतो, पण त्याचं मन ठाण्यात आहे. तिथं आजींची धाकटी बहीण राहते. आज शुक्रवार. सूर्य मावळला की शब्बाथ सुरू होणार, मग उद्या संध्याकाळपर्यंत चूल पेटवायची नाही. म्हणजे आजचं रात्रीचं आणि उद्याचंही जेवण मावशीआजीकडे. त्याच्या पिशवीत बंद डबे आहेत, इस्रायलहून आणलेले. तो हळूच विचारतो, ‘‘आजी, मी माझं माझं खाल्लं तर मावशीआजीला राग येईल?’’

‘‘का रे?’’

‘‘तिच्याकडचं... खरंच कोशर असतं का?’’

आजी काहीच बोलत नाहीत. भायखळा येतं, जातं. दादर येतं.

आजींना काय आठवलं असेल? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलमध्ये काही धर्मगुरूंनी शंका काढली होती. कोकणातून आलेले हे लोक पुरते ज्यू आहेत का? यांच्याशी लग्नं लावावीत का? बेने इस्रायली रस्त्यावर उतरले, त्यांनी जेरुसलेमला धरणं धरलं. अखेर १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं स्पष्ट केलं की बेने इस्रायली सर्वार्थानं ज्यू आहेत. ज्या आजींना तरुणपणी परक्यांनी विचारलं, ‘तुम्ही खरे का?’ त्यांना आज घरचंच पोर विचारत होतं, ‘तुमचं कोशर खरं का?’

घाटकोपरच्या पुढे आजींनी तोंड उघडलं आणि त्याला गोष्ट सांगितली. बेने इस्रायलींच्या प्रत्येक घरात ती सांगतात.

फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या बुडाल्या, प्रार्थना हळूहळू विसरल्या. वंशज गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, पेणकर, रोहेकर, दिवेकर झाले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. शेकडो वर्षांनी डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू माणूस तिथं आला. शनिवार पाळणारे हे लोक कोण, हे त्याला ताडून बघायचं होतं. त्यानं त्यांच्या बायकांपुढे सगळ्या जातींची मासळी ओतली आणि स्वयंपाक करायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेली मासळी वेगळी काढली. बाकीची बाजूला सारली. ‘ही आम्ही खात नाही,’ म्हणाल्या. का खात नाही, ते त्यांना सांगता आलं नाही. पण रहाबीला जे ओळखायचं होतं, ते त्यानं ओळखलं.

‘‘आपल्याकडं कागद नव्हता रे,’’ आजी म्हणाल्या. ‘‘पाटी होती ती स्वयंपाकघरात.’’

ठाण्यातलं स्वयंपाकघर

ठाण्याला टेंभी नाक्याजवळ १८७९ सालचं ‘शाआर हाशामाईम’ सिनेगॉग आहे. त्याच्याच आसपास मावशीआजींचं दोन खोल्यांचं घर. दार उघडताच नारळाचा आणि वेलचीचा वास.

नातवानं धीर करून विचारलंच. आजींनी मान खाली घातली. मावशीआजी मात्र हसल्या. ‘‘ये की, बघ. नीट बघ.’’

ओट्याच्या उजव्या फळीवर मटण-कोंबडीची भांडी, डाव्या फळीवर दुधाची. दोन पाट्या, दोन उलथनी, दोन घासण्या. कोंबडी हजाननं कापलेली. हजान म्हणजे सिनेगॉगमधला प्रार्थना सांगणारा. बेने इस्रायलींमध्ये पुष्कळदा तोच शोहेतचंही काम करत आला आहे. तो परगावी गेला, आजारी पडला, तर? ‘‘तर मासळी. तीही नसली तर वालाचं बिरडं. बिनकोशर खायचं असं कुठं आहे?’’ मावशीआजी म्हणाल्या.

हे सोपं वाटतं, पण सोपं नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वीस हजारांच्या आसपास बेने इस्रायली होते. बहुतेक इस्रायलला गेले. आता काही हजारच उरले आहेत, तेही मुख्यतः मुंबई-ठाण्यात. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, पण दर्जानं सुरी धरणारा हात मिळत नाही. समाज लहान झाला की सगळ्यात आधी अशी माणसं कमी होतात. सुरीची धार पारखणारा माणूस नसेल, तर घराघरातली दोन फळ्यांची शिस्त किती दिवस टिकणार?

पातेल्यावरचं झाकण निघालं. कोंबडीचा रस्सा दाट, पिवळसर. नातू पुन्हा चपापला. ‘‘यात दूध आहे?’’

‘‘आहे. नारळाचं!’’

मांसाबरोबर दूध-दही चालत नाही. मग रश्श्याला दाटपणा आणि गोडवा आणायचा कशानं? कोकणातल्या या बायकांनी उत्तर परसदारी शोधलं. नारळ खवला, वाटला, पिळला. दूध मिळालं आणि नियमही राहिला. गोडाचंही तसंच. नुकताच नव्याचा सण, म्हणजे ज्यू नववर्ष, होऊन गेला होता. त्या सणाला घरोघरी चिकाचा हलवा करतात. कुरडयांसाठी काढतात तसाच गव्हाचा चीक, त्यात साखर आणि नारळाचं दूध घालून आटवायचा, वेलची घालायची, ताटात थापून वड्या पाडायच्या. वरून बदाम-पिस्त्याचे काप. हल्ली कुणी चायना ग्रासचा करतं, कुणी कॉर्नफ्लॉवरचा. तुपाचा थेंब नाही, म्हणून कोंबडीच्या जेवणानंतरही चालतो. वाइनऐवजी मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं शरबत. आणि नवस फेडायचा असला की मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा आणि फळं. एलियाहू हनाबी या प्रेषिताचं नाव घेऊन तो वाटायचा.

सणांची नावंसुद्धा किती आपली! खिरीचा सण, बिरड्याचा रोजा, दारफळणीचा सण. पेसाहच्या दिवसांत खमिराची भाकरी-पाव वर्ज्य, पण तांदळाची भाकरी चालते. युरोपातल्या बहुतेक ज्यू घरांत तेव्हा भातही बंद असतो. कोकणी माणसाला भात सोडायला सांगणार कोण?

सूर्य मावळायच्या आत दोन दिवे लागले. प्रार्थना झाली. मनुकांचं शरबत फिरलं. पानं वाढली गेली. नातवानं आपल्या पिशवीकडे एकदा पाहिलं, आणि मग पानातल्या रश्श्यात घास बुडवला.

हलव्याची दुसरी वडी त्यानं मागून घेतली. आजी तेव्हा कुठं जेवायला लागल्या.

‘‘राग नाही ना आला, मावशीआजी?’’

‘‘राग कसला, राजा? विचारलंस ते बरं झालं. विचारणारं कुणी उरलं नाही, तर सांगायचं कुणाला?’’

घरी कोशर पाळणारा पाहुणा आला तर

मुंबई-पुण्यात परदेशी सहकारी, विद्यार्थी, शेजारी येतच असतात. उद्या तुमच्याही दारी असा पाहुणा येईल. गडबडून जाऊ नका. पुढच्या गोष्टी ध्यानात ठेवल्या तर पुरे.

तो किती पाळतो ते आधी मोकळेपणानं विचारा. विचारल्याचा कुणाला राग येत नाही, जबरदस्तीनं वाढल्याचा मात्र संकोच होतो. सगळ्यात निर्धोक म्हणजे न कापलेली फळं. केळी, संत्री, चिकू सालासकट पुढे ठेवा. शहाळं तर उत्तमच. सुका मेवा बंद पाकिटातला द्या. काचेच्या ग्लासात बिनदुधाचा चहा पुष्कळांना चालतो. जेवण द्यायचंच असेल तर शाकाहारी करा, पालेभाजी नीट निवडा, कागदाच्या किंवा पानांच्या पत्रावळी वापरा. मासळी करणार असाल तर पर आणि खवल्यांचा मासा कातडीसकट आणा आणि पाहुण्याला दाखवा. तरीही तो फक्त चहावर थांबला, तर त्यात तुमच्या घराचा अपमान नाही. त्याचा नियम अन्नाबद्दल आहे, अन्न वाढणाऱ्या हाताबद्दल नाही.

आणि गोड? एक नारळ फोडा. गूळ घाला, वेलची घाला, तुपाऐवजी नारळाच्याच दुधात खोबऱ्याच्या वड्या करा. मग पाहुण्यानं विचारलं की ‘कोशर आहे का?’, तर फोर्टातल्या त्या वेटरसारखं ‘संपलं’ म्हणायची वेळ येणार नाही. काय काय घातलं आहे, ते त्याला एकेक करून सांगा. खायचं की नाही, ते तो ठरवील.